संगणक कोणाची वाट पाहतो?

पुण्या-मुंबईच्या कार्यालयात संगणक सकाळी एकदा सुरू होतो आणि सायंकाळी बंद होतो. सुरू होण्यास तीन मिनिटे लागली तरी तेवढ्यात चहा होतो; कोणाचे काही अडत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील धडगावी हा हिशेब बदलतो. सातपुड्याच्या डोंगररांगांत वसलेले हे अक्राणी तालुक्याचे मुख्यालय. पावसाळ्यात वादळवारा सुटला, तारेवर फांदी पडली की वीज जाते, येते आणि पुन्हा जाते. ज्या दुकानात किंवा शाळेत इन्व्हर्टरची सोय नाही, तेथे अशा दिवशी संगणक चार-पाच वेळा नव्याने सुरू करावा लागतो. पाच वेळा, प्रत्येक वेळी तीन मिनिटे, असे धरले तर दिवसाची १५ मिनिटे झाली. असे २५ दिवस गेले, तर महिन्याचे सव्वासहा तास केवळ काळ्या पडद्याकडे पाहण्यात खर्ची पडले.

या सव्वासहा तासांची किंमत संगणकाचा मालक एकटा चुकवीत नाही. उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवून केलेले आमचूर घेऊन माणसे डोंगरातून बाजाराला उतरतात. वजन होते, भाव ठरतो. पण पावती निघत नाही आणि परतीची जीप तर भरत आलेली असते. याच जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, टेंभली या गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी आधार योजनेचा देशातील प्रारंभ झाला. तेव्हापासून शिधा, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन आणि बँक खाते या साऱ्या गोष्टी कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर संगणकाच्या पडद्यापाशी येऊन पोहोचतात. तो पडदा उजळेपर्यंत पाड्यावरून आलेले माणूस बाकावर बसून राहते.

संगणक दुरुस्तीला न्यावा, तर चांदसैलीचा घाट उतरून तळोदा किंवा शहादा गाठावे लागते. त्यात एक दिवस जातो, वाहनाचे भाडे जाते आणि बऱ्याचदा निकाल ठरलेला असतो: ‘यंत्र जुने झाले, नवे घ्या.’ वस्तुतः मंद सुरू होणाऱ्या संगणकांपैकी कितीतरी यंत्रे जुनी असूनही निकामी झालेली नसतात. ती कोणाची तरी वाट पाहत थांबलेली असतात. ती कोणाची, हे शोधण्याची रीत अवघड नाही. आणि लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात तर ते शोधून देणारे साधन आधीपासूनच बसविलेले असते.

जुन्या यंत्रांचा नवा आश्रय

लिनक्सचा उल्लेख येथे हेतुपुरस्सर केला आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि त्या मानाने अलीकडचा प्रोसेसर लागतो. परिणामी, चालू स्थितीतील असंख्य संगणक एका तारखेच्या फरकाने ‘जुने’ ठरले. अशा यंत्रांना लिनक्स हा एक आश्रय आहे. हेलसिंकी विद्यापीठातील लायनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलेला हा प्रकल्प आज जगभरच्या सर्व्हरांपासून हातातल्या अँड्रॉइड फोनपर्यंत पसरला आहे. सी-डॅक या शासकीय संस्थेने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही लिनक्सच होय. मिंट, उबंटू, डेबियन ही तिची भावंडे. परवान्याचे शुल्क नाही आणि जुन्या यंत्रावर चालण्याइतकी हलकी रूपेही उपलब्ध आहेत.

तथापि लिनक्स बसविले म्हणजे यंत्र आपोआप वेगवान होते, असे मात्र नाही. काही महिने नीट चालल्यावर एखाद्या दिवशी ते सुरू होण्यास दीड-दोन मिनिटे अधिक घेऊ लागते. मग कोणी हार्ड डिस्क बदलण्याचा सल्ला देतो, कोणी मेमरी वाढविण्याचा, कोणी सारे पुसून पुन्हा बसविण्याचा. खर्च करण्यापूर्वी कारण शोधावे, हा साधा व्यवहार येथेही लागू पडतो.

दोन किल्ल्यांची तिजोरी

संगणक सुरू होताना नेमके काय घडते, हे बँकेच्या शाखेच्या उदाहरणावरून चांगले उमजते. शाखा दहा वाजता उघडायची आहे. कोणी दिवे लावतो, कोणी टेबले मांडतो, कोणी खातेपुस्तिकांचे गठ्ठे लावतो. ही कामे एकाच वेळी चालतात. एकाने दुसऱ्यासाठी थांबण्याचे कारण नसते. परंतु रोकड-तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही, तिजोरी उघडल्याशिवाय रोखपालाच्या हाती रोकड येत नाही आणि रोकड आल्याशिवाय खिडकी सुरू होत नाही. एक किल्लीधारक बसमध्ये अडकला, तर बाकीचे सारे तत्पर असूनही ग्राहक बाहेरच राहतात. अशा वेळी शाखेतल्या इतरांना कितीही घाई करायला लावली, तरी खिडकी एक मिनिटही लवकर उघडणार नाही.

पूर्वीच्या लिनक्समध्ये सुरुवातीची कामे बहुतांशी एकामागून एक होत. २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स या अभियंत्यांनी ‘सिस्टमडी’ नावाची व्यवस्था पुढे आणली आणि शक्य तेवढी कामे एकाच वेळी सुरू करण्याची पद्धत रूढ केली. फेडोराने ती २०११ मध्ये, तर डेबियन आणि उबंटू यांनी २०१५ मध्ये मुख्य व्यवस्था म्हणून स्वीकारली. कोणते काम कशानंतर व्हायचे, कोणी कोणासाठी थांबायचे, हे सिस्टमडीला लिहून दिलेले असते. कोणी किती वेळ घेतला याची नोंदही ती ठेवते. ही नोंदवहीच दोष शोधण्याचे पहिले साधन होय.

आधी मोजणी, मग औषध

संगणक पूर्ण सुरू झाल्यावर ‘टर्मिनल’ नावाची खिडकी उघडावी. तीत लहान रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, एक शब्द टंकावा: एस, वाय, एस, टी, ई, एम, डी, मग आडवी जोडरेघ, मग ए, एन, ए, एल, वाय, झेड, ई. याचा उच्चार ‘सिस्टमडी-ॲनालाइझ’. एंटर दाबताच सुरुवातीला लागलेल्या वेळेचा गोषवारा पडद्यावर येतो. त्यात ‘कर्नेल’ म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला लागलेला वेळ आणि ‘युजरस्पेस’ म्हणजे त्यानंतरच्या सेवा सुरू होण्यास लागलेला वेळ. नव्या धाटणीच्या यूईएफआय यंत्रांवर ‘फर्मवेअर’ आणि ‘लोडर’ असे आणखी दोन आकडे दिसतात. जुन्या बायॉस यंत्रांवर ते दिसत नाहीत. तेथे बटण दाबल्यापासून लिनक्सची निवडसूची दिसेपर्यंतचा वेळ मनगटी घड्याळावर मोजावा.

समजा, उत्तर आले की कर्नेलला ५ सेकंद आणि युजरस्पेसला १ मिनिट ४८ सेकंद लागले. याचा अर्थ यंत्राचा गाभा निरोगी आहे आणि विलंब नंतरच्या सेवांत आहे. आता त्याच शब्दापुढे एक जागा सोडून ‘ब्लेम’ हा शब्द जोडावा: बी, एल, ए, एम, ई. सेवांची यादी येते. सर्वाधिक वेळ घेणारी सर्वांत वर. बहुतेक जण येथेच चुकतात. यादीतील पहिले नाव म्हणजे अपराधी, असे समजून ती सेवा बंद करतात आणि विलंब मात्र तसाच राहतो. खातेपुस्तिकांचे गठ्ठे लावणाऱ्याला वीस मिनिटे लागली, म्हणून शाखा उशिरा उघडली असे होत नाही. तो आपल्या जागी काम करीत होता आणि त्याच्यासाठी कोणी थांबलेले नव्हते.

म्हणून तिसरी आज्ञा महत्त्वाची. ‘ब्लेम’च्या जागी ‘क्रिटिकल-चेन’ टंकावे: सी, आर, आय, टी, आय, सी, ए, एल, जोडरेघ, सी, एच, ए, आय, एन. ही आज्ञा कामांची साखळी दाखविते. कोण कोणासाठी थांबले, तो कोणासाठी थांबला, असे करीत ती खाली खाली उतरते. अधिकचिन्हापुढील आकडा म्हणजे त्या सेवेने स्वतः घेतलेला वेळ. ज्या कडीपुढे मोठा आकडा दिसेल, तिजोरीच्या किल्लीधारकाचा शोध तेथून सुरू करावा. मात्र वेळ संपूनही मिळाली नाही अशी वस्तू या साखळीत नेहमीच दिसते असे नाही. म्हणून पुढील खुणाही ध्यानात ठेवाव्यात.

थांबणे आणि थकणे यांतील भेद

आज्ञा टंकण्यापूर्वीही डोळ्यांनी पुष्कळ कळते. बहुतेक संगणकांवर हार्ड डिस्कच्या हालचालीचा एक लहान दिवा असतो. संगणक सुरू होत असताना पडदा निश्चल आहे आणि तो दिवाही विझलेला आहे, तर यंत्र काम करीत नसून वाट पाहत आहे. उलट दिवा सतत पेटलेला असेल, तर डिस्क खरोखर राबत आहे किंवा धडपडत आहे.

दुसरी खूण विलंबाच्या नियमितपणाची. वाट पाहणाऱ्या यंत्राचा विलंब दररोज जवळजवळ सारखाच असतो आणि तो बऱ्याचदा ठरीव आकड्यात असतो. कारण किती वेळ थांबायचे, हे त्याला आधीच सांगितलेले असते. सिस्टमडीची नेहमीची मर्यादा ९० सेकंदांची. म्हणून सुरुवात रोज दीड मिनिटाने लांबत असेल, तर जी वस्तू अस्तित्वात नाही तिची प्रतीक्षा चालली आहे, असा संशय प्रथम घ्यावा. आजारी डिस्कचा विलंब असा शिस्तबद्ध नसतो. आज दोन मिनिटे, उद्या साडेतीन, परवा पुन्हा दोन, असा तो हेलकावे खातो आणि एकंदरीत वाढत जातो.

तिसरी खूण पडद्यावरच मिळते. सुरुवातीच्या सुबक चित्राच्या वेळी एस्केप कळ दाबली, तर बहुधा चित्र बाजूला सरते आणि मागच्या ओळी दिसू लागतात. त्यांत ‘स्टार्ट जॉब इज रनिंग’ असे शब्द आणि पुढे सेकंद मोजणारा आकडा दिसला, तर त्या ओळीतच प्रतीक्षेचे कारण लिहिलेले असते.

कोणाकोणाची प्रतीक्षा

पहिली आणि नित्याची प्रतीक्षा, गेलेल्या डिस्कची. ‘ईटीसी’ या फोल्डरात ‘एफएसटॅब’ नावाची लहानशी मजकूर-फाइल असते. सुरू होताना कोणकोणते साठे जोडून घ्यायचे, याची ती यादी होय. कोणी हिशेबाच्या प्रतीसाठी बाहेरची हार्ड डिस्क त्या यादीत नोंदवून ठेवतो. पुढे ती डिस्क घरी राहते, यादीतले नाव मात्र तसेच असते. किंवा स्वॅप नावाचा, मेमरीला पूरक असा भाग पुन्हा तयार केला जातो. त्यामुळे त्याचा यूयूआयडी हा ओळख-क्रमांक बदलतो आणि यादीत जुनाच क्रमांक उरतो. संगणक बिचारा प्रामाणिक असतो. यादीत नाव आहे म्हणून तो ९० सेकंद थांबतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबतो.

उपाय असा. ‘ब्लकआयडी’ ही आज्ञा, बी, एल, के, आय, डी, प्रशासकाच्या अधिकाराने म्हणजे ‘सुडो’ हा शब्द आधी जोडून चालवावी. संगणकाला सध्या जोडलेल्या भागांचे क्रमांक ती दाखविते. ते यादीतील क्रमांकांशी ताडून पाहावेत. जुळत नसलेली नोंद दुरुस्त करावी किंवा तिच्या आरंभी हॅशचे चिन्ह देऊन ती निष्प्रभ करावी. बाहेरची डिस्क अधूनमधून लागणारच असेल, तर तिच्या पर्यायांत ‘नोफेल’ हा शब्द घालावा: एन, ओ, एफ, ए, आय, एल. मग ती असली तर जोडली जाते, नसली तर सुरुवात अडत नाही. फाइलला हात लावण्यापूर्वी तिची एक प्रत अवश्य करून ठेवावी. मुख्य भागाच्या ओळीत चूक झाली, तर संगणक नेहमीसारखा सुरूच होणार नाही.

क्वचित हाच दोष कर्नेलच्या वेळेत दिसतो. डेबियन आणि उबंटू यांच्या कुळातील प्रणाली निद्रेतून जागे होण्यासाठी स्वॅपचा क्रमांक ‘रिझ्यूम’ नावाच्या एका वेगळ्या फाइलमध्येही लिहून ठेवतात. एफएसटॅब दुरुस्त केले, पण ती फाइल जुनीच राहिली, तर सुमारे ३० सेकंदांचा विलंब उरतो. जाणकाराकडून तो क्रमांक बदलून घ्यावा आणि सुरुवातीची प्रतिमा नव्याने बनवून घ्यावी.

दुसरी प्रतीक्षा, न आलेल्या नेटवर्कची. धडगावसारख्या डोंगराळ भागात हीच अधिक सतावते. साखळीत ‘नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन’ असे नाव दिसले, तर संगणक जाळे जोडले जाईपर्यंत पुढची कामे रोखून धरीत आहे, असे समजावे. ही सेवा जाळे सतत हजर असणाऱ्या ठिकाणांचा विचार करून बनलेली आहे. जेथे मोबाइलचा डोंगल लावल्यावर, तोही संकेत मिळाला तर, जाळे येते, तेथे ही प्रतीक्षा व्यर्थ होय. ‘सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल’ या आज्ञेपुढे सेवेचे पूर्ण नाव देऊन ती बंद करता येते. त्याने इंटरनेट बंद होत नाही. इंटरनेटसाठी सुरुवात रोखून धरणे तेवढे थांबते. ‘डिसेबल’च्या जागी ‘एनेबल’ लिहिले की पूर्ववत. मात्र दुकानातील दुसऱ्या संगणकावरचे फोल्डर सुरुवातीलाच जोडले जात असेल, तर ही सेवा खरोखर उपयोगी असते. अशा वेळी तिला हात लावू नये.

तिसरी प्रतीक्षा, घड्याळाच्या बॅटरीची. मदरबोर्डवर नाण्याएवढी, ३ व्होल्टची, बहुधा सीआर २०३२ क्रमांकाची बॅटरी असते. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. वारंवार वीज जाणाऱ्या गावात जुन्या यंत्रातील ही बॅटरी संपली, की प्रत्येक वेळी तारीख कित्येक वर्षे मागे जाते. काही यंत्रे अशा वेळी एफ-१ कळ दाबण्याची सूचना देऊन तेथेच थांबतात. कोणी कळ दाबेपर्यंत लिनक्सचा आरंभच होत नाही. शिवाय तारीख चुकीची असल्याने शासनाची आणि बँकांची सुरक्षित संकेतस्थळे उघडण्यास ब्राउझर नकार देतो, आणि दोष मात्र इंटरनेटच्या माथी मारला जातो. ही बॅटरी किरकोळ किमतीत मिळते. यंत्राची वीजजोडणी काढून, जुन्या बॅटरीची बाजू नीट पाहून, नवी त्याच बाजूने बसविली की काम झाले.

जेव्हा विलंब हा इशारा असतो

आतापर्यंतच्या विलंबात गैरसोय आहे, धोका नाही. एक विलंब मात्र वेगळा. दिवा सतत पेटलेला, वेळ रोज निराळी आणि वाढती, मधूनच टक-टक असा आवाज, एखादी फाइल उघडता उघडता संगणक गोठणे, ही लक्षणे दिसली तर यंत्राच्या वेगाचा विचार तात्काळ बाजूला ठेवावा. डिस्क मरणपंथाला लागलेली असू शकते.

अशा वेळी पहिले काम एकच: हिशेब, बिले, विद्यार्थ्यांच्या नोंदी, छायाचित्रे, जे पुन्हा मिळणार नाही ते सारे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेणे. तपासण्या नंतर. डिस्कची दीर्घ तपासणी आधी सुरू केली, तर तिचे उरलेसुरले बळ त्यातच खर्ची पडण्याचा संभव असतो. प्रत हाती आल्यावर ‘डिस्क्स’ या नावाच्या साधनात किंवा ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने डिस्कचा आरोग्य-अहवाल पाहावा. त्यात बदलून टाकलेले आणि प्रलंबित असे सेक्टर मोजलेले असतात. प्रलंबित सेक्टर म्हणजे जे वाचताना अडचण आली आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे तुकडे. बँकेच्या भाषेत संशयित कर्जखातीच. ‘आरोग्य उत्तम’ असा शेरा वर असला, तरी हे आकडे वाढत असतील तर त्या शेऱ्यावर विसंबू नये.

वीज अचानक गेल्यानंतरची पहिली सुरुवात थोडी लांबणे, हे मात्र स्वाभाविक आहे. लिनक्सची नेहमीची ‘ईएक्सटी-४’ ही साठवण-पद्धत साठ्याच्या रचनेतील बदलांची आधी रोजकीर्दीत नोंद करते. वीज गेली, तर पुढच्या वेळी ती रोजकीर्द वाचून अर्धवट राहिलेले व्यवहार पूर्ण किंवा रद्द केले जातात. बहुधा हे काही क्षणांत आटोपते. क्वचित पूर्ण तपासणी लागते आणि मोठ्या डिस्कवर ती बराच वेळ चालते. या काळात अधीर होऊन बटण दाबून संगणक बंद करणे, म्हणजे ताळा जुळविणाऱ्याच्या हातातून वही ओढून घेण्यासारखे आहे.

खर्च करायचाच तर

प्रतीक्षेची सारी कारणे दूर केली, डिस्कही निरोगी निघाली, तरीही यंत्र मंदच असेल, तर मग खर्चाचा विचार योग्य. त्यात पहिला मान एसएसडीला. कारण साध्या गणितात आहे. जुन्या लॅपटॉपमधील फिरती डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवा तो तुकडा वाचन-शिराखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिसेकंद लागतात; शिर योग्य जागी सरकण्याचा काळ त्याहून अधिक. दोन्ही मिळून विखुरलेले तुकडे सेकंदाला साठ-सत्तरच वाचून होतात. सुरू होताना संगणकाला असे हजारो तुकडे लागतात. एसएसडीत फिरणारे काही नसल्याने ती हेच काम सेकंदाला हजारोंच्या संख्येने करते. दुसरा मान मेमरीला: २ जीबी मेमरीच्या यंत्रावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखा हलका डेस्कटॉप निवडावा, किंवा मेमरी ४ जीबीपर्यंत वाढवावी. पासवर्ड दिल्यानंतरचा विलंब वरील आज्ञांत दिसत नाही, हेही ध्यानात असावे. त्यासाठी आपोआप सुरू होणाऱ्या कार्यक्रमांची यादी तपासून अनावश्यक नावे काढावीत.

एका वेळी एकच बदल करावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि आकडा पाहावा. चार बदल एकदम केले, तर गुण कशाने आला ते कळत नाही आणि बिघडले तर कशाने बिघडले तेही कळत नाही. प्रत्येक बदल तारखेसह साध्या वहीत लिहावा. ही वही संगणकात ठेवू नये, हे सांगणे नलगे.

याच वहीत दर महिन्याच्या एक तारखेला ‘सिस्टमडी-ॲनालाइझ’चा आकडा उतरवून ठेवण्याची सवय लावली, तर तिचे मोल पावसाळ्याच्या तोंडावर कळते. मार्चमध्ये ४० सेकंद, एप्रिलमध्ये ५५, मेमध्ये ९५, अशी चढती ओळ दिसली की डिस्कचा अहवाल पाहावा, हिशेबाची प्रत काढून घ्यावी आणि गरज पडल्यास नवी डिस्क जूनपूर्वीच मागवावी. जुलैच्या पावसात दरड कोसळून घाटाची वाट बंद झाली, तर तळोद्याचा दुरुस्तीवालाही तेवढाच दूर असतो जेवढा पुण्याचा. आणि वर्षभराचे उधारीचे खाते त्या एकाच डिस्कवर असते.